शाळेचं तोंडही न पाहिलेली मुलगी पंडिता कशी झाली? आईकडे घरीच शिकलेल्या रमाबाईंची गोष्ट

गोसीखुर्दला लोक जातात ते धरण बघायला. भंडारा जिल्ह्यातलं वैनगंगेवरचं हे धरण. पायाभरणी १९८८ साली झाली आणि तेव्हापासून हे नाव कायम बातम्यांत आहे. मी मात्र मागच्या दिवाळीत तिथे गेले होते ते एका मैत्रिणीकडे. ती आणि तिचा नवरा नागपूर सोडून तिकडे धानाची शेती करतात. त्यांचा सात वर्षांचा मुलगा शाळेत जात नाही. होमस्कूलिंग.

सकाळी उठून बघते तर पोरगं ओसरीवर आजीसमोर मांडी घालून बसलेलं. आधी पावकी-निमकी, मग श्लोक, मग राम शब्द सगळ्या विभक्तींत चालवणं. नवरा खूश होता. मैत्रीण नव्हती. तिचं म्हणणं होतं, हे सगळं घोकून मुलगा उद्या पोट कशावर भरणार? तो म्हणत होता, आधी डोकं तर घडू दे. दोघांची चांगलीच जुंपली आणि शेवटी मला विचारलं, तुला काय वाटतं.

मी चहा संपवला आणि विषय बदलला.

पण तो प्रश्न डोक्यात राहिला. कारण परदेशात आता क्लासिकल होमस्कूलिंग म्हणून याचीच मोठी चर्चा आहे. मुलांना घरी लॅटिन, ग्रीक शिकवायचं, व्याकरण पक्कं करून घ्यायचं, मग तर्क, मग वक्तृत्व. आपल्याकडेही शाळेऐवजी घरी शिकवून पुढे एनआयओएसच्या परीक्षेला बसवणारे पालक आहेत आणि त्यातल्या काहींना संस्कृत, पाठांतर, जुने ग्रंथ यांची ओढ आहे. याचा उपयोग होतो का?

या प्रश्नाचं उत्तर एका बाईच्या आयुष्यात सापडतं. त्या बाईचा मध्य प्रांताशीही संबंध आला होता आणि तेव्हा भंडारा जिल्हा याच मध्य प्रांतात मोडायचा. १८९६-९७ च्या दुष्काळात ती पुण्याहून मध्य प्रांतात आली आणि उपाशी, बेवारस मुलींना आपल्यासोबत घेऊन गेली.

तिचं नाव पंडिता रमाबाई. शाळेत न जाता, घरी आईकडे संस्कृत शिकलेली मुलगी.

गोष्ट सुरू होते पेशव्यांच्या वाड्यात

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे. मंगळूरकडच्या भागातलं चित्पावन कुटुंब. तरुणपणी ते शिकायला पुण्यात आले आणि रामचंद्रशास्त्री साठे यांचे शिष्य झाले. हे साठेशास्त्री दुसऱ्या बाजीरावाच्या पत्नीला संस्कृत शिकवायला वाड्यात जायचे. गुरूंसोबत गेलेल्या अनंतशास्त्रींनी तिथे एका बाईच्या तोंडून शुद्ध संस्कृत ऐकलं आणि ते चकितच झाले. बाईला हे येऊ शकतं, ही गोष्ट त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली होती.

गावी परतल्यावर त्यांनी बायकोला शिकवायचं ठरवलं. घरच्यांनी विरोध केला, बायकोलाही त्यात रस नव्हता. विषय तिथेच संपला.

पुढे पहिली पत्नी वारली. तीर्थयात्रेत असताना पैठणला गोदावरीच्या काठी त्यांना वाईचे एक गृहस्थ भेटले आणि त्यांनी आपली मुलगी देऊ केली. अनंतशास्त्री तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचे आणि मुलगी नऊ वर्षांची. आज हे वाचताना अंगावर काटा येतो आणि यायलाच हवा. बाईने शिकावं म्हणून समाजाशी भांडणारा माणूस नऊ वर्षांच्या मुलीशी लग्न करत होता. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत.

त्या मुलीचं नाव लक्ष्मीबाई ठेवलं गेलं. तिला मात्र शिकण्याची आवड होती. अनंतशास्त्री तिला संस्कृत शिकवतात हे कळल्यावर ओरड झाली, त्यांना उडुपीच्या धर्मपीठापुढे खुलासा करावा लागला. त्यांनी ग्रंथांचे दाखले काढून दाखवले की पुराणं आणि काव्यं शिकायला स्त्रीला बंदी नाही. तरी गावात राहणं नको झालं आणि हे कुटुंब पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या जंगलात जाऊन राहिलं. तिथे त्यांनी पाठशाळा चालवली. विद्यार्थी तिथेच राहायचे, जेवायचे.

याच जंगलात २३ एप्रिल १८५८ ला रमाबाईंचा जन्म झाला.

चालतं-फिरतं घर, तीच शाळा

रमा सहा महिन्यांची असताना घर मोडलं. येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यांचं आणि विद्यार्थ्यांचं करता करता कर्ज झालं होतं. बाळाला वेताच्या पेटाऱ्यात घालून कुटुंब तीर्थयात्रेला निघालं आणि ती यात्रा पुढची कित्येक वर्षं संपली नाही. देवळात मुक्काम करायचा, पुराण सांगायचं, लोक जे देतील त्यावर भागवायचं. आई-वडील, बहीण कृष्णाबाई, भाऊ श्रीनिवास आणि रमा.

रमा आठ वर्षांची झाली तेव्हा वडील थकले होते, म्हणून शिकवणं आईकडे आलं. लक्ष्मीबाई पहाटे, घरातली कामं सुरू व्हायच्या आधी मुलीला उठवायच्या आणि धडा द्यायच्या. आई म्हणणार, मुलगी मागून म्हणणार. असं सात वर्षं चाललं.

रमाबाईंनी भागवत पुराणाचे अठरा हजार श्लोक लहानपणीच पाठ केले, हे सगळे सांगतात आणि व्हॉट्सअ‍ॅपवरही तेवढंच फिरतं. पण आकडा बाजूला ठेवा. या शिक्षणातली खरी गोष्ट वेगळी आहे.

पहिलं म्हणजे, नुसतं पाठांतर नव्हतं. सोबत व्याकरण होतं, शब्दकोश होता. पाठ केलेल्या श्लोकाचा अन्वय कसा लावायचा, हे मुलीला स्वतःला करता यायला हवं होतं. दुसरं, शिकलेलं लगेच वापरावं लागायचं. देवळाच्या आवारात समोर माणसं बसलेली असायची. तिथे पुराण सांगताना अडखळलं तर सगळ्यांसमोर कळायचं. वेगळी परीक्षा घ्यायची गरजच नव्हती.

आणि तिसरी गोष्ट भाषांची. संस्कृत धड्यातून आलं, मराठी आईच्या बोलण्यातून. कन्नड, हिंदी, पुढे बंगाली या भाषा वाटेवर आल्या. ज्या मुलुखात मुक्काम तिथली भाषा कानावर पडायची. एका भाषेचं व्याकरण मुळापासून माहीत असेल तर दुसरी भाषा पकडायला किती वेळ लागतो, हे पुढे त्यांच्या आयुष्यात वारंवार दिसतं.

पुढे मागे वळून पाहताना रमाबाईंनी आईचं मोठं श्रेय सांगितलं ते वेगळंच. फारशी कुणाची मदत न घेता पुढे आपलं आपण शिकता येईल, अशी मनाची तयारी आईने करून दिली, असं त्यांचं म्हणणं होतं. होमस्कूलिंगवाले पालक जे शब्द शोधत असतात ते हेच.

एक गोष्ट सांगायची राहिली. कृष्णाबाईंचं लग्न रीतीप्रमाणे लहानपणी लावलं होतं आणि ते फार वाईट ठरलं. त्याचा धडा घेऊन आई-वडिलांनी रमाचं लग्न बालपणी लावलंच नाही. तिला शिकायला इतकी वर्षं मिळाली ती यामुळे.

आणि मग दुष्काळ आला

आता गोसीखुर्दच्या माझ्या मैत्रिणीच्या बाजूने बोलते.

१८७४ च्या सुमाराला मद्रास इलाख्यात या कुटुंबावर उपासमारीची वेळ आली. जवळचं सगळं दानधर्मात आणि तीर्थक्षेत्रांवर आधीच संपलं होतं. दागिने, भांडी, कपडे विकून झाले. घरात पाच माणसं, सगळी विद्वान. पण पोटापुरतं कमावण्याचं एकही कौशल्य कुणाकडे नव्हतं. मजुरी करणं कमीपणाचं वाटायचं, भीक मागायला लाज वाटायची. मुलांना गणित, भूगोल, विज्ञान यातलं काही शिकवलेलं नव्हतं. इंग्रजी तर दूरच. बाहेरच्या मुलांत मिसळूही दिलं नव्हतं. हे सगळं पुढे रमाबाईंनी स्वतःच लिहून ठेवलंय, आणि अगदी न लपवता.

आधी वडील गेले. काही आठवड्यांत आई गेली. आईची तिरडी उचलायला माणसं मिळेनात. कसेबसे दोघे जण आले, तिसरा श्रीनिवास आणि चौथी रमा. तिची उंची कमी, खांद्यावर घेतलं तर तिरडी कलती झाली असती. म्हणून तिने आपल्या वाट्याचा भार डोक्यावर घेतला आणि ती स्मशानापर्यंत चालत गेली.

ज्या बाईने पहाटे उठून शिकवलं तिला असा निरोप द्यावा लागला. त्यानंतर बहीण कृष्णाबाईही गेली.

राहिले दोघे. भाऊ-बहीण हजारो मैल पायी फिरले. अंगावर पुरेसं पांघरूण नसल्यामुळे पंजाबात झेलम नदीच्या काठी वाळूत खड्डे करून, अंगावर वाळू ओढून त्यांनी थंडीच्या रात्री काढल्या. अठरा हजार श्लोक येणारी मुलगी.

कलकत्त्याला काय झालं?

१८७८ मध्ये दोघे कलकत्त्याला पोचले. तिथल्या पंडितांच्या कानावर या मुलीचं संस्कृत गेलं आणि विद्यापीठाच्या सिनेट हाउसमध्ये तिची परीक्षा झाली. प्रश्न संस्कृतात, उत्तरंही संस्कृतात. वीस वर्षांच्या रमाबाईंना तिथे पंडिता आणि सरस्वती या पदव्या मिळाल्या. दोनच वर्षांपूर्वी वाळूत झोपणारी मुलगी वर्तमानपत्रांत झळकायला लागली.

बहुतेक लेखांत गोष्ट इथे संपते. टाळ्या वगैरे. पण माझ्या मते खरी गोष्ट इथून पुढे आहे.

पंडितांनी रमाबाईंना सांगितलं की बंगालातल्या पडद्यातल्या स्त्रियांपुढे शास्त्रात सांगितलेल्या स्त्रीधर्मावर व्याख्यानं द्या. त्यासाठी धर्मशास्त्र वाचायला हवं होतं. आतापर्यंत त्यांनी पुराणं आणि काव्य वाचलं होतं, धर्मशास्त्र नाही. त्या वाचायला बसल्या. मध्ये कुणी शास्त्री नको, भाषांतर नको, टीकाकाराचा हात धरायची गरज नाही. थेट मूळ ग्रंथ.

आणि त्यांच्या लक्षात आलं की हे ग्रंथ जवळजवळ प्रत्येक बाबतीत एकमेकांशी भांडतात, पण स्त्रिया आणि शूद्र यांना खालचं ठरवण्यावर मात्र सगळ्यांचं एकमत आहे. मग केशवचंद्र सेन यांनी त्यांच्या हातात वेदाची प्रत दिली. वडिलांनी बायकोला, मुलीला शिकवण्यासाठी समाज अंगावर घेतला होता, पण वेद त्यांनीही शिकवले नव्हते. ती रेघ त्यांनी पाळली होती. मुलीने ती ओलांडली.

म्हणजे गंमत बघा. परंपरा जपावी म्हणून दिलेलं शिक्षणच परंपरेला प्रश्न विचारायच्या कामी आलं. लोक म्हणतात शास्त्रात असं आहे. रमाबाई ते उघडून बघू शकत होत्या. १८७८ मध्ये हे करू शकणाऱ्या बायका देशात किती असतील, विचार करा. माझ्या मैत्रिणीच्या नवऱ्याला एवढंच सांगेन की पोराला खरंच नीट व्याकरण शिकवलं, तर एक दिवस तो तुलाही प्रश्न विचारणार आहे. तयारी ठेव.

पुढची चार वर्षं

१८८० मध्ये भाऊ श्रीनिवास ढाक्याला वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. जात वेगळी, प्रांत वेगळा. १८८१ मध्ये मुलगी झाली, मनोरमा. फेब्रुवारी १८८२ मध्ये बिपिनबाबू कॉलऱ्याने गेले. चोविसाव्या वर्षी रमाबाई विधवा, कडेवर दहा महिन्यांची पोर.

त्या पुण्याला आल्या. आर्य महिला समाज काढला. स्त्रीधर्मनीती हे पुस्तक लिहिलं. त्याच वर्षी शिक्षणाची चौकशी करायला आलेल्या हंटर आयोगापुढे मराठीतून साक्ष दिली: मुलींसाठी स्त्री शिक्षिका तयार करा आणि बायकांना वैद्यकीय शिक्षण द्या. देवळात पुराण सांगताना घटवलेलं वक्तृत्व आता सरकारपुढे चालत होतं.

आणि याच काळात त्यांना कळलं होतं की आपल्याकडे काय नाही. पुण्यातच इंग्रजी शिकायला सुरुवात केली आणि पुस्तकाच्या विक्रीतून आलेल्या पैशांची जोड घेऊन १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. डॉक्टर व्हायचं होतं, पण ऐकू कमी येत असल्याने ते जमलं नाही. तिथेच त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यावरून महाराष्ट्रात उठलेलं वादळ आयुष्यभर शमलं नाही.

मग चेल्टनहॅमचं लेडीज कॉलेज. तिथे त्या संस्कृत शिकवायच्या आणि स्वतः गणित, विज्ञान, इंग्रजी शिकायच्या. पंचविशी उलटलेली बाई, लहान मुलीची आई, विद्यार्थ्यांच्या बाकावर. घरच्या शिक्षणातली भोकं त्या अशी एकेक करून बुजवत होत्या.

१८८६ मध्ये त्या अमेरिकेत फिलाडेल्फियाला गेल्या, आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाला. या दोघी नात्यातल्या. दोघीही घरात शिकलेल्या, एक आईकडे आणि दुसरी नवऱ्याकडे. गोपाळरावांचं शिकवणं किती कठोर होतं ते तुम्ही सिनेमात पाहिलंच असेल. दोन टोकांची दोन होमस्कूलिंगं त्या दिवशी एका सभागृहात होती.

अमेरिकेत रमाबाईंनी आणखी एक गोष्ट मन लावून शिकून घेतली. फ्रोबेलची किंडरगार्टन पद्धत. खेळणी, हातकाम, मातीकाम यातून लहान मुलांना शिकवणं. घोकून वाढलेली पंडिता हे शिकत होती.

स्वतःची शाळा काढली तेव्हा

११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन सुरू झालं. विधवा आणि निराधार मुलींसाठी. पहिल्या विद्यार्थिनींमध्ये गोदूबाई नावाची बालविधवा होती. हीच पुढे धोंडो केशव कर्व्यांची पत्नी आनंदीबाई, म्हणजे बाया कर्वे. पुढच्याच वर्षी सदन पुण्याला हललं. १८९३ मध्ये मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतोय यावरून मोठा वाद झाला, टिळकांच्या केसरीने टीकेची झोड उठवली, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. या वादावर वेगळा लेख लिहावा लागेल, एवढा तो मोठा आहे.

आपल्याला इथे बघायचंय ते हे की रमाबाईंनी आपल्या मुलींना काय शिकवलं.

१८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा त्या मध्य प्रांतात गेल्या. वीस वर्षांपूर्वी त्या स्वतः अशाच रस्त्यावर होत्या. त्यांनी तिथून आणि पुढच्या दुष्काळांत इतर भागांतून शेकडो मुली आणल्या. पुण्यात प्लेगमुळे निर्बंध होते, म्हणून या मुलींना पुणे-दौंड रेल्वेमार्गावरच्या केडगावला नेलं. तिथे रमाबाईंनी आधीच जमीन घेऊन ठेवली होती, सदनाला फळबागेचं उत्पन्न मिळावं म्हणून. तिथेच मुक्ती सदन उभं राहिलं.

तिथे लिहिणं-वाचणं होतंच. सोबत हातमाग, शिवणकाम, तेलघाणा, दूधदुभतं, शेती, स्वयंपाक आणि छापखाना. अंध मुलींसाठी ब्रेल होतं, ते शिकवायची जबाबदारी मनोरमाने घेतली. प्रत्येक मुलीच्या हाताला काहीतरी काम आलं पाहिजे, यावर रमाबाईंचा कटाक्ष होता. दुष्काळात पाच विद्वान माणसं उपाशी कशी राहतात हे बघितलेल्या बाईने आखलेला तो अभ्यासक्रम होता.

भागवत त्यात नव्हतं. पण आईचा धडा त्या विसरल्या नव्हत्या, आणि ते शेवटच्या कामात दिसलं.

पन्नाशीच्या उंबरठ्यावर दोन नव्या भाषा

१९०५ च्या आसपास रमाबाईंनी बायबल मराठीत आणायचं काम हाती घेतलं. मराठी भाषांतर आधीपासून होतं, पण त्याची भाषा त्यांना जड वाटायची, संस्कृत शब्दांनी भरलेली. त्यांच्या शाळेतल्या गावाकडच्या मुलींना ती कळायची नाही. संस्कृतात पदवी मिळवलेली बाई संस्कृत शब्द काढून टाकायला बसली.

आणि भाषांतर इंग्रजीवरून करायचं नाही, मूळ ग्रंथावरून करायचं, हे त्यांनी ठरवलं. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. या वयात, कान गेलेले असताना. आधी व्याकरण, मग शब्द, मग अन्वय. गंगामूळहून निघालेल्या कुटुंबाने देवळांच्या ओसरीवर जसं शिकवलं होतं, तसंच.

पंधरा वर्षांहून जास्त काळ हे काम चाललं. मध्ये १९२१ मध्ये मनोरमा गेली. आईने एकट्याने शेवटची पानं तपासली. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई केडगावला वारल्या, वय त्रेसष्ट.

संपूर्ण ग्रंथ बाहेर आला तो १९२४ मध्ये. छपाई मुक्तीच्याच छापखान्यात झाली. शिशाचे खिळे जुळवणाऱ्या आणि यंत्र चालवणाऱ्या तिथे शिकलेल्या मुलीच होत्या.